ख्रिस्ती विश्वासाची मूलभूत शिकवण सांगताना आणि शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपदेशाची पहिली पाळी आलेले, शब्बाथशाळेत मुलांना शिकवणारे, बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या वर्गाची जबाबदारी अंगावर घेतलेले, अशा अनेकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात पुढे गेला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पंथापंथांत मतभेद आहेत तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

१. ‘मूलभूत शिकवण’ म्हणतात ती नेमकी कोणती? ती यादी कोणी ठरवली?

सर्वांत जुनी यादी शास्त्रातच सापडते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल म्हणतो की, जे मला मिळाले तेच मी प्रथम तुमच्या हाती सोपवले: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, तो पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि अनेकांना दिसला. हे पत्र इ.स. ५५च्या सुमाराचे. म्हणजे घटनेला जेमतेम पंचवीसएक वर्षे झाली होती, आणि तेव्हाही पौल ‘मला मिळाले’ असेच म्हणतो. ही शिकवण त्याने स्वतः रचलेली नव्हती.

पुढे याच गाभ्याभोवती बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायची विधाने तयार झाली. त्यांतूनच प्रेषितांचा विश्वासांगीकार आकाराला आला. ३२५ मध्ये नायसिया येथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदांतून नायसियाचा विश्वासांगीकार मिळाला. पिता निर्माणकर्ता, पुत्राचे देहधारण (मनुष्य होऊन येणे), त्याचे मरण, पुनरुत्थान आणि पुन्हा येणे, पवित्र आत्मा, एक मंडळी, पापांची क्षमा, मृतांचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन, एवढे या दोन अंगीकारांत आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना नायसियाचा अंगीकार मान्य आहे.

मी शिकवताना तीन कप्पे करतो. पहिल्यात हा गाभा. दुसऱ्यात पंथभेदाचे विषय (त्यांबद्दल प्रश्न १५ पाहा). तिसऱ्यात आपली स्वतःची मते. तिसऱ्या कप्प्यातली वस्तू पहिल्यातली म्हणून विकणे ही उपदेशकाच्या हातून होणारी सर्वांत मोठी अफरातफर आहे, असे मला मनापासून वाटते.

२. उपदेश करणे आणि शिकवणे यांत काही फरक आहे का?

आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (४:२३) येशू सभास्थानांत शिकवत आणि राज्याची सुवार्ता गाजवत फिरला, असे दोन वेगळे शब्द येतात. ‘गाजवणे’ यासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द दवंडी पिटणाऱ्याच्या कामाचा आहे. बातमी दवंडीवाल्याची नसते, राजाची असते. त्याने ती पूर्ण आणि न बदलता पोचवायची असते. शिकवणे म्हणजे ती बातमी उलगडणे, प्रश्न घेणे, पुन्हा सांगणे, समजले का ते तपासणे.

व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळतात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्राने केला तो उपदेश होता. पण प्रेषितांची कृत्ये २:४२ सांगते की, त्यानंतर ते लोक प्रेषितांच्या शिक्षणात टिकून राहिले. नुसता उपदेश असेल तर काही महिन्यांत आवाज तेवढा लक्षात राहतो. नुसते शिक्षण असेल तर वह्या भरतात आणि हे सगळे आपल्यासाठी घडले आहे याचा पत्ता लागत नाही.

३. लोकांना रोजच्या जगण्याला उपयोगी असे काही हवे असते. मग सिद्धान्त कशाला?

फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. त्या मंडळीत कुरबुरी होत्या. पौलाला त्यांनी नम्रतेने वागायला हवे होते. यासाठी तो त्यांना नम्रतेचे पाच उपाय देत नाही. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरचे मरण सोसले, हे तो सांगतो. ख्रिस्ताविषयीची एवढी खोल शिकवण पत्रात आली ती एका घरगुती भांडणाच्या निमित्ताने.

उलट बाजूनेही पाहा. आजारी लेकराजवळ बसलेली आई विचारते, “देव माझ्यावर रागावलाय का?” हा सिद्धान्ताचाच प्रश्न आहे. देव कसा आहे, दुःख कुठून येते, ख्रिस्ताच्या मरणाने काय बदलले, हे तिला कधीच सांगितलेले नसेल तर त्या रात्री तिच्या हाताशी काहीच नसते. त्या रात्री वर्ग घेता येत नाही. तो आधीच घ्यावा लागतो.

४. अगदी नव्या माणसाला शिकवायला सुरुवात कुठून करायची?

यावर जुन्या शिक्षकांचे एकमत नाही, आणि ते बघण्यासारखे आहे. इ.स. ४००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने मंडळीच्या एका सेवकाला सल्ला दिला की, नवागताला सृष्टीच्या निर्मितीपासून आजच्या मंडळीपर्यंतची एक अखंड गोष्ट सांग. जर्मन सुधारक मार्टिन लूथरने १५२९च्या लहान प्रश्नोत्तरावलीत दहा आज्ञा आधी घेतल्या, मग विश्वासांगीकार, मग प्रभूची प्रार्थना: आधी आजार कळू दे, मग औषध, मग ते औषध मागायचे कसे. १५६३च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरावलीत १२९ प्रश्न आहेत आणि ते वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले आहेत. तिची चाल माणसाची दुरवस्था, सुटका आणि कृतज्ञता अशी. तिचा पहिला प्रश्न मात्र जगण्यात आणि मरण्यात तुझा एकमेव दिलासा कोणता, हा आहे. म्हणजे दुरवस्थेआधीही दिलासाच.

माझा कौल असा. आधी मार्काचे शुभवर्तमान पूर्ण, मोठ्याने, एकत्र वाचावे. ते सर्वांत छोटे आहे. दीड-दोन तासांत होते, दोन-तीन बैठकांत सहज. येशू कोण हा प्रश्न त्या वाचनातून आपोआप उभा राहतो. मग विश्वासांगीकार ओळीओळीने घ्यावा. प्रश्न पडण्याआधीच उत्तर दिले तर ते पाठ होते, पचत नाही.

आणखी एक. पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात पौल इस्राएलाच्या इतिहासापासून बोलायला लागला (प्रेषितांची कृत्ये १३), पण अथेनैत त्याने निर्माणकर्त्या देवापासून सुरुवात केली आणि तिथल्याच कवींचे शब्द वापरले (१७). दोन्हीकडे तो पोचला मात्र पुनरुत्थानापर्यंतच. सुरुवात माणसागणिक बदलू शकते, शेवटचा मुक्काम बदलत नाही.

५. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) समजावायला सर्वांत चांगले उदाहरण कोणते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि माझे उत्तर अनेकांना आवडत नाही: कोणतेच नाही.

पाणी, बर्फ आणि वाफ हे नेहमीचे उदाहरण घ्या. एकच पाणी कधी बर्फ होते, कधी वाफ. पण मग पिताच कधी पुत्र झाला आणि कधी आत्मा, असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखली गेलेली शिकवण नेमकी हीच, आणि मंडळीने ती नाकारली. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी स्वर्गातून येते आहे. तिघे एकाच वेळी तिथे आहेत. अंड्याचे कवच, पांढरे आणि पिवळे हे दुसरे उदाहरण. त्यात प्रत्येक भाग एक तृतीयांश अंडे होतो. पुत्र मात्र देवाचा तुकडा नाही, तो पूर्ण देव आहे. एकच माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा बाप, कुणाचा नवरा असतो, हे तिसरे. ती एकाच व्यक्तीची तीन नाती झाली. तिथे बापाने मुलावर प्रीती करण्याला जागाच उरत नाही.

सूर्य आणि त्याचा प्रकाश ही उपमा प्राचीन शिक्षकांनीही वापरली, आणि नायसियाच्या अंगीकारात ‘प्रकाशापासून प्रकाश’ असे शब्द आहेत. पण तिचे काम मर्यादित होते: सूर्य आहे तेव्हापासून त्याचा प्रकाशही आहे, तसा पुत्र पित्याबरोबर अनादी आहे, एवढेच दाखवणे. ती तशीच आणि तेवढीच वापरावी.

मग शिकवायचे कसे? विधानांनी आणि गोष्टीने. विधाने साधी आहेत. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, आत्मा पिता नव्हे. ही सात वाक्ये नीट बोलता आली की वर्गाचे निम्मे काम झाले. त्यानंतर बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचा. मग योहानाच्या शुभवर्तमानाचा १७वा अध्याय वाचा, ज्यात पुत्र पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. ते जग निर्माण होण्याआधीही खरे होते ते याच कारणाने.

एकदा एका तरुणाने मला विचारले, “म्हणजे हे मला कधीच पूर्ण समजणार नाही?” मी म्हटले, “हो, पण चुकीचे कधी बोलले जाते ते तुला नक्की समजेल.” तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या आठवड्यात तोच दुसऱ्याला बर्फाच्या उदाहरणात काय चूक आहे ते समजावून सांगत होता.

६. ‘त्रैक्य’ हा शब्द पवित्र शास्त्रात नाही. मग ते शिकवायचे कशाच्या आधाराने?

शब्द नाही हे खरे, आणि ते मोकळेपणाने मान्य करावे. शब्द नंतर आला. तो ज्याला दिलेले नाव आहे ते शास्त्रात आहे. मत्तय २८:१९ मध्ये ‘नावाने’ असे एकवचन आहे आणि नावे तीन आहेत. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या शेवटच्या आशीर्वादात प्रभू येशू, देव आणि पवित्र आत्मा एकत्र येतात. ‘देव एकच’ असे रोज म्हणणाऱ्या यहूदी माणसांनी येशूला दंडवत घातले, आणि येशूने ते स्वीकारले.

एक सावधगिरी. योहानाचे पहिले पत्र ५:७ मध्ये स्वर्गात साक्ष देणारे तिघे असल्याचे वाक्य काही जुन्या भाषांतरांत आढळते. ते आधाराला घेऊ नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या विद्वानाने आपल्या ग्रीक नव्या कराराच्या १५१६ आणि १५१९च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते, १५२२ मध्ये घेतले. ही शिकवण त्या एका वाक्यावर उभी नाही. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने, पुत्र निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या एरियसशी वाद घातला तो त्या वाक्याच्या मदतीशिवाय. कच्चा खांब काढून टाकला की इमारत पडत नाही, उलट बघणाऱ्याचा विश्वास वाढतो.

७. येशू देव होता, तर त्याने प्रार्थना कोणाला केली? आणि जगाच्या शेवटाचा ‘तो दिवस व ती घटका’ त्याला ठाऊक नव्हती हे कसे?

प्रार्थना कोणाला, याचे उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे: पुत्र पित्याशी बोलतो, स्वतःशी नव्हे.

दुसरा भाग अवघड आहे. ४५१ मध्ये कॅल्सिडन येथील परिषदेने म्हटले की येशू ख्रिस्त ही एकच व्यक्ती दोन स्वभावांत आहे, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. हे स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत, वेगळे होत नाहीत. चारही शब्द नकारार्थी आहेत हे लक्षात घ्या. हे कसे घडते ते परिषदेने सांगितले नाही. कुठल्या चार दिशांना घसरायचे नाही एवढे सांगितले. (कॉप्टिक, सीरियन, आर्मेनियन यांसारख्या काही प्राचीन मंडळ्यांनी ही भाषा स्वीकारली नाही, पण ख्रिस्ताचे देवपण आणि मनुष्यपण त्याही पूर्ण मानतात.)

शिकवताना लोक एका बाजूला कलतात. येशू वरून मनुष्य दिसतो आणि आतून फक्त देव असतो, असे अनेक श्रद्धाळूंच्या मनात असते. तसे असेल तर गेथशेमाने बागेतला घाम आणि ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ ही विनंती देखावा ठरते. चौथ्या शतकात अपोलिनारिस असेच काही सांगत होता: ख्रिस्ताला मानवी मन नव्हते. त्याला नाझियान्झसच्या ग्रेगरीने दिलेले उत्तर मी दर वर्षी वर्गात सांगतो: त्याने जे धारण केले नाही, ते बरेही झाले नाही. आपली मने आजारी आहेत, म्हणून त्याने मनही घेतले. त्या मनाला शिकावे लागले. लूक सांगतो की तो ज्ञानाने वाढत गेला (२:५२). म्हणून मार्क १३:३२ मधले ‘ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या खऱ्या मनुष्यपणाचे आहेत. ते गुळमुळीत करून सांगू नयेत. दुसरीकडे, त्याच शुभवर्तमानात तो पापांची क्षमा करतो आणि वादळाला गप्प करतो. दोन्ही वाचून दाखवा. श्रोत्यांना थोडे अवघडल्यासारखे वाटू द्या. पहिल्या शिष्यांनाही तसेच वाटले होते.

८. देहधारणाला ‘अवतार’ म्हटले तर काय बिघडले?

शब्द ओळखीचा आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला दार लवकर उघडते. पण त्या शब्दाबरोबर रूप घेणे, काम झाल्यावर ते टाकणे आणि हे अनेकदा घडणे असे अर्थही येतात. ख्रिस्ती शिकवण म्हणते की हे एकदाच घडले आणि ते शरीर टाकून दिलेले नाही. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि स्वर्गारोहणानंतरही तो मनुष्यच आहे. म्हणून मी शिकवताना ‘देहधारण’ म्हणतो. कुणी ‘अवतार’ म्हटले तर टोकत नाही. “हो, पण हा एकदाच आणि कायमचा,” एवढी भर घालतो.

९. पापाबद्दल बोलले की लोक दुखावतात. काय करावे?

बोलणाऱ्याने ‘तुम्ही’ सोडून ‘आपण’ म्हणावे, आणि ते खरे असावे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सर्वांनी पाप केले म्हणतो तेव्हा तो स्वतःलाही धरून बोलतो. पाप म्हणजे फक्त नियमभंग असे शिकवले तर व्यसन, दुरावा, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला अन्याय, आपल्याच इच्छेवर चालेनासा झालेला ताबा, हे सगळे निसटते. आणि ज्याच्यावर अत्याचार झाला आहे अशी व्यक्तीही समोर बसलेली असते. तिला आधी हे ऐकू आले पाहिजे की तिच्यावर झाले ते देवाच्या दृष्टीने पाप होते आणि ते तिचे नव्हते.

१०. ‘पित्याने निर्दोष पुत्राला शिक्षा केली, हा कसला न्याय?’ असे विचारले तर?

प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळदा आपल्याच सांगण्यातून निर्माण होतो. रागावलेला बाप, मध्ये पडलेला मुलगा, असे चित्र आपण रंगवतो आणि त्या नादात त्रैक्य विसरतो. पुत्र हा तिऱ्हाईत नाही. पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. योहान १०:१८ मध्ये येशू सांगतो की माझा प्राण कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. न्यायाधीशच खाली उतरून आरोपीच्या जागी उभा राहिला, असे म्हटले तर ते शास्त्राच्या जास्त जवळ जाते.

वधस्तंभाचा अर्थ सांगायला शास्त्र एकच चित्र वापरत नाही: खंडणी, बलिदान, न्यायालयातली सुटका, शत्रूवरचा विजय, समेट, उदाहरण. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाची भरपाई या दिशेने मांडणी केली, सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी शिक्षा आपल्या ऐवजी सोसली यावर भर दिला, पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मरणावरचा विजय पुढे ठेवला. नायसियाच्या अंगीकारात यांतली कोणतीही उपपत्ती नाही. ‘आम्हांसाठी’ हा शब्द आहे. म्हणून वर्षभरात यांतली निदान तीन-चार चित्रे मंडळीसमोर यावीत. अपराधाच्या ओझ्याखाली दबलेल्याला सुटका ऐकायची असते, भीतीने ग्रासलेल्याला विजय.

११. पुनरुत्थान आशेचे प्रतीक म्हणून सांगितले तर चालेल का?

नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौलाने आधीच लिहून ठेवले आहे. प्रतीकासाठी रिकाम्या कबरेची गरज नसते. आणि गोष्ट रचायची असती तर पहिली साक्ष स्त्रियांची ठेवली नसती. त्या काळात त्यांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते, आणि लूक सांगतो की शिष्यांनाही त्यांचे बोलणे वायफळ वाटले.

१२. कृपेनेच तारण असेल, तर सत्कर्मे कशाला? आणि पौल व याकोब यांची तोंडे दोन दिशांना का?

रोमकरांस ३:२८ मध्ये पौल म्हणतो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो. याकोब २:२४ म्हणतो की केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी ठरतो. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, लपवू नका.

मग दोघांसमोर कोण आहे ते पाहा. पौलासमोर आपल्या कर्मांची थैली घेऊन देवाच्या दारात आलेला माणूस आहे. पौल म्हणतो, ती खाली ठेव. याकोबासमोर उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा’ म्हणून दार लावणारा माणूस आहे. याकोब म्हणतो, याला विश्वास म्हणतोस? त्याने पुढे लिहिले आहे की असा विश्वास भुतांकडेही आहे. दोघांनीही उदाहरण अब्राहामाचेच घेतले. पौल उत्पत्तीच्या १५व्या अध्यायातला, विश्वास ठेवणारा अब्राहाम घेतो. याकोब २२व्या अध्यायातला, इसहाकाला वेदीवर ठेवणारा. मध्ये कितीतरी वर्षे गेली आहेत. विश्वास तोच, त्याला फळ धरले आहे.

सोळाव्या शतकात याच प्रश्नावर पश्चिमेची मंडळी फुटली. १९९९ मध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक मंडळी यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्या आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असे नाही, पण आपल्या पुण्याईवर नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी समर्थ करतो, इतके ते एकत्र म्हणू शकले. वर्गात हे जरूर सांगावे. जुनी भांडणे शिकवणाऱ्याने त्यांतला समेटही शिकवला पाहिजे.

१३. लहान मुलांना हे सगळे कसे सांगायचे?

गोष्टीने, आणि खरी वाक्ये वापरून. पुढे खोडावे लागेल असे काही सांगू नका. ‘येशू आपल्याला आवडणारा चांगला माणूस’ हे वाक्य वयाच्या बाराव्या वर्षी खोडावे लागते. ‘देव आपल्याजवळ राहायला आला’ हे ऐंशीव्या वर्षीही चालते. प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार पाठ करून घ्या. पाठांतराला नाके मुरडली जातात, पण स्मृती क्षीण झालेल्या वृद्धांच्या ओठांवर बाकी सगळे गेल्यावरही तेच शब्द टिकलेले मी पाहिले आहेत.

१४. उपदेश किती वेळाचा असावा? कागद हातात घ्यावा का?

एक मुद्दा नीट पोचेल इतका. कागद घ्या, पण डोळे माणसांकडे ठेवा. ऑगस्टीनने त्या सेवकाला (प्रश्न ४) सांगितले होते की ऐकणारा दमला असेल तर त्याला बसायला द्यावे, आणि शिकवणारा आनंदाने बोलतो की नाही यावर खूप काही अवलंबून असते. हे अजूनही पुरेसे आहे.

१५. गटात वेगवेगळ्या पंथांचे लोक आहेत. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांवर काय शिकवू?

सर्वांना मान्य ते आधी सांगा: दोन्ही येशूने दिलेली आहेत, दोन्हींत त्याचे मरण आणि जीवन पुढे ठेवले जाते. मग फरक प्रामाणिकपणे मांडा. बाळांना बाप्तिस्मा देणारे देवाच्या वचनाकडे आणि कराराकडे बोट दाखवतात. केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांना देणारे, प्रेषितांच्या कृत्यांत आधी विश्वास आणि मग पाणी असा क्रम दाखवतात. प्रभुभोजनाबाबत कॅथलिक तत्त्वांतर (भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात असे) मानतात, लुथरन भाकर आणि द्राक्षारस यांच्याबरोबर ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त खरोखर दिले जाते असे मानतात, सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्व्हिन याच्या मार्गाने जाणारे आत्म्याच्या द्वारे सहभाग मानतात, आणि अनेक मंडळ्या ते स्मरण म्हणून पाळतात. दुसऱ्याची बाजू अशी सांगा की त्या बाजूचा माणूस ‘हो, आम्ही हेच म्हणतो’ असे म्हणेल. त्यानंतर आपल्या मंडळीची शिकवण ठामपणे सांगायला हरकत नाही.

१६. श्रोत्यांत इतर धर्मांचे किंवा कोणताच धर्म न मानणारे लोक असतील तर?

तोच विश्वास, तेच शब्द, जास्त स्पष्टीकरण. ‘कृपा’, ‘तारण’, ‘नीतिमान’ हे शब्द सोडून देऊ नका, उलगडून सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असे म्हटले आहे, आणि लगेच ‘सौम्यतेने व आदराने’ अशी जोड दिली आहे. पहिला अर्धा भाग पाळून दुसरा सोडणारे मी फार पाहिले. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल, भीती घालणे, मदतीच्या बदल्यात होकार मागणे, हे उपदेशात बसत नाही. श्रीमंत तरुण दुःखी होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याच्यावर प्रीती केलेली होती, आणि त्याला जाऊ दिले.

१७. दुसऱ्या उपदेशकाने चुकीचे शिकवले. सर्वांसमोर सुधारावे का?

आधी प्रश्न १ मधल्या तीन कप्प्यांत ती चूक टाकून बघा. पहिल्या कप्प्यातली नसेल तर बहुधा गप्प बसणे चांगले. असेल तर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांचा मार्ग धरा: अपुल्लोस आवेशाने बोलत होता, पण त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता; त्यांनी त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). तो पुढे मोठा शिक्षक झाला. खासगीत सांगूनही चूक चालूच राहिली आणि लोक भरकटू लागले, तर मंडळीच्या वडिलांकडे (तिची जबाबदारी पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे) जावे. पौलाने पेत्राला सर्वांसमोर बोल लावला होता हे खरे (गलतीकरांस २), पण पेत्राचे वागणे उघड्यावर होते आणि त्याच्यामागे इतरही वाहवत चालले होते.

१८. विश्वासात नसलेल्या माणसाच्या अंत्यविधीला न्यायाबद्दल काय बोलावे?

आपल्याला ठाऊक आहे तेवढेच. येशू न्याय करणार आहे हे आपण मानतो. न्याय करणारा तोच आहे, आपण नाही, हेही मानतो. मृताला स्वर्गात बसवू नका, नरकातही ढकलू नका. येशूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर शेवटच्या घटकेला त्याच्याकडे वळला, हे त्या चोराच्या घरच्यांना ठाऊक असेलच असे नाही.

अंतिम न्याय आणि नरक यांवरची शिकवण टाळायची नाही, पण तिची जागा कबरेच्या काठावर नाही. तिथे लाजराच्या कबरेपाशी येशूने केले ते करावे. आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही तो रडला. लाजराची बहीण मार्था हिला त्याने दिलेले वचन (‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’) वाचावे आणि थांबावे. एकदा मी अशा प्रसंगी गरजेपेक्षा जास्त बोललो होतो. त्या घरातल्या थोरल्या मुलाने नंतर फक्त एवढेच विचारले, “माझ्या वडिलांबद्दल तुम्हांला इतके कसे ठाऊक?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तेव्हापासून मी तिथे कमी बोलतो.

१९. मला स्वतःलाच एखाद्या शिकवणीबद्दल शंका आहे. तरी उभे राहून बोलू का?

शंका कोणत्या जातीची आहे ते पाहा. ‘हे खोटे आहे असे मी ठरवले आहे’ असे असेल तर ते खरे म्हणून सांगू नका. मंडळीच्या वडिलांशी बोला आणि तो विषय दुसऱ्याला घेऊ द्या. शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल हा याकोबाचा इशारा (३:१) इथे लागू पडतो. ‘मला हे अजून नीट दिसत नाही’ असे असेल तर मंडळीचा विश्वास म्हणून सांगा, शास्त्र वाचून दाखवा, आणि आपल्याला समजते त्याहून जास्त समजल्याचा आव आणू नका. वर्गात कुणी अडवले तर “याचा अभ्यास करून पुढच्या वेळी सांगतो” म्हणावे, आणि पुढच्या वेळी खरोखर सांगावे.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य डोंगरावर उठलेल्या येशूला पाहतात आणि नमन करतात. कित्येकांना मात्र संशय वाटला, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे (२८:१७). त्यांना वेगळे काढल्याचे लिहिलेले नाही. पुढच्याच ओळीत येशू त्यांच्याजवळ येतो, आणि जा, शिष्य करा, शिकवा, ही आज्ञा त्याच अकरांना मिळते.